सवय की दुखणे? पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

आमच्या इमारतीच्या वाहनतळात जन्मलेली ठमी आमच्याकडे राहायला आली, त्याला दुसरे वर्ष लागले होते. एके दिवशी तिने सकाळचे जेवण तसेच ठेवले आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. घरात पाहुणे होते, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ती रुसली आहे असे ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी तिने चिकनचा तुकडा खाल्ला, पण भाताला तोंड लावले नाही, तेव्हा ती लाडावली आहे असे ठरले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना ती मध्येच बसली आणि मी तिचा ओठ उचलून पाहिला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या जवळजवळ पांढऱ्या पडल्या होत्या. रक्ततपासणीत प्लेटलेट २८ हजार निघाल्या. कुत्र्यांमध्ये त्या साधारण २ लाखांच्या वर असाव्या लागतात. ज्याला आम्ही रुसवा समजत होतो तो गोचिडांमुळे आलेला ताप होता.

कुत्रा दुखणे अंगावर काढतो. तो कण्हत बसत नाही आणि त्याचा आजार बहुतेक वेळा आधी वागण्यातल्या बदलातूनच दिसतो. म्हणून वागणूक आणि आरोग्य ही दोन वेगळी प्रकरणे न मानता एकत्रच शिकावीत, या समजुतीने पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत. त्या पशुवैद्याची जागा घेणार नाहीत, पण त्याच्याकडे केव्हा जायचे हे ओळखायला उपयोगी पडतील.

१. पहिले पंधरा दिवस फक्त निरीक्षण करा

नवा कुत्रा घरी आला की त्याला बसायला आणि हात द्यायला शिकवण्याची घाई होते. त्याआधी तो निरोगी असताना कसा असतो हे लिहून ठेवा, कारण नेहमीचे काय हे ठाऊक नसेल तर बिघाड ओळखता येत नाही. रोज किती खातो, किती पाणी पितो, शी किती वेळा आणि कशी होते, कोणत्या कुशीवर झोपतो, घंटा वाजली की काय करतो, एवढे वहीत नोंदवले तरी पुरे.

त्याच काळात चार मोजमापे शिकून घ्या. गाढ झोपेत असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. हा आकडा निरोगी कुत्र्यात ३० च्या आत असतो. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा झालेला ठिपका २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली की ती लगेच जागेवर गेली पाहिजे; ती तशीच उभी राहत असेल तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. चौथे मोजमाप तापमानाचे. ते गुदद्वारातच घ्यावे लागते आणि साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा मुळातच जास्त. नाक कोरडे म्हणजे ताप आणि ओले म्हणजे तब्येत ठणठणीत, हा समज सोडून द्या. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचेही नाक कोरडे असते.

२. हाताशी ठेवायच्या वस्तू आणि कागद

वस्तू फार लागत नाहीत:

- कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलिन
- गोचीड काढायचा बारीक चिमटा आणि झाकणाची बाटली
- गॉज, चिकटपट्टी, सलाइनची बाटली
- मापाचे तोंडबंद (चावू नये म्हणून तोंडावर बांधायचे आवरण, मझल). दुखऱ्या अवस्थेत अत्यंत प्रेमळ कुत्राही चावतो, म्हणून याची सवय आधीच लावावी
- वजनकाटा, कुत्र्याला उचलून आपण काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे

कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाची लसीकरणाची पुस्तिका. तीत लसीच्या कुपीवरचे लेबल चिकटवलेले, तारीख घातलेली आणि पशुवैद्याने नोंदणी क्रमांकासह सही केलेली असली पाहिजे. नुसते ‘लस दिली’ असे लिहिलेले पान पुढे कामाला येत नाही. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र, नसबंदी झाली असल्यास त्याचा दाखला, जुन्या रक्ततपासण्यांचे अहवाल आणि महानगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर कुत्र्याचा परवाना, हे सगळे एका पाकिटात ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. परवान्यासाठी साधारणपणे रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. बाकीचे नियम आपापल्या पालिकेकडे विचारावेत.

३. शेपटीच्या आधी डोळे आणि कान पाहा

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, ही पहिली चुकीची शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. शेपटीवरून कुत्रा उत्तेजित आहे एवढेच कळते, कशामुळे ते कळत नाही. अंग सैल, कंबरेपासून हलणारी शेपूट आणि अर्धवट उघडे तोंड हा आनंद. अंग ताठ, शेपूट उंच आणि तिचे फक्त टोक झपाझप हलते आहे, तोंड घट्ट मिटलेले आहे, तर तिथे हात पुढे करू नये.

भीती किंवा नकोसेपणा कुत्रा आधी फार सौम्य शब्दांत सांगतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांच्या कडेने पांढरे दिसेल असे तिरके पाहणे, कान मागे पाडणे, एक पाय उचलून थबकणे. घरातले लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलेले असताना काढलेले फोटो पुन्हा काढून पाहा, त्यातल्या कित्येकांत ही चिन्हे दिसतील. या सौम्य बोलीकडे लक्ष दिले नाही की तो गुरगुरतो, त्यानंतर दात विचकतो आणि शेवटी चावतो.

येथे नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक होते. कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारतात. त्यामुळे भीती जात नाही, फक्त इशारा देणे बंद होते, आणि काही महिन्यांनी तोच कुत्रा ‘काही न करता एकदम चावला’ अशी तक्रार होते. गुरगुरणे ऐकू आले की मागे सरावे, कशामुळे गुरगुरला ते वहीत लिहावे आणि ती गोष्ट लांबून, खाऊ देत, हळूहळू ओळखीची करावी. भांड्याजवळ गेल्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे भांडे हिसकावून ‘मालक कोण’ हे दाखवायला जाऊ नये. जाता-येता भांड्यात काहीतरी चांगले टाकत गेल्यास आपले येणे त्याला धोक्याचे वाटेनासे होते. मात्र कधीही न गुरगुरणारा कुत्रा अंगाला हात लावताच गुरगुरू लागला, तर आधी शिकवणी न लावता डॉक्टरांना दाखवा. कान, दात, कंबर किंवा सांधा दुखत असण्याची शक्यता मोठी असते.

४. नेहमीच्या सवयी आणि त्यांची दुसरी बाजू

पिलाचे चावणे. साधारण चार ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून कायमचे येतात, म्हणून पिलू हात, चपला, टेबलाचे पाय सगळे चावते. ओरडण्याऐवजी खेळ तिथेच थांबवावा आणि चावायला योग्य वस्तू द्यावी. हे दुखणे नाही, पण तोंडातून दुर्गंधी येत असेल किंवा दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारी नवा आला असेल तर दाखवून घ्यावे.

गवत खाणे. अधूनमधून गवत खाणे आणि क्वचित ओकणे यात विशेष काही नाही. रोज ओकत असेल, किंवा गवतासाठी घायकुतीला येत असेल, तर पोटाची तपासणी हवी. ज्या बागेत कीटकनाशक फवारतात तिथले गवत खाऊ देऊ नये.

ढुंगण जमिनीवर घासणे. जंत झाले, असे सगळे सांगतात. ते एक कारण आहे, पण बऱ्याचदा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी भरलेल्या असतात. त्या डॉक्टर रिकाम्या करतात. तिथे सूज किंवा रक्त दिसल्यास थांबू नये.

पंजे चाटत राहणे, कान झटकणे. कंटाळ्यामुळे चाटतो, असे मीही बराच काळ मानत होते. बोटांमधली कातडी लाल झाली असेल, पांढऱ्या केसांवर लाळेचा तपकिरी डाग पडला असेल, तर ॲलर्जी, बुरशी किंवा बोटांत रुतलेला गोचीड शोधा. कानाला आंबूस वास येत असेल आणि आत काळपट मळ असेल तर संसर्ग आहे. पेन्सिल किंवा कानकोरणे घालू नका आणि तपासणीआधी कानात तेल सोडू नका, कारण पडदा फाटलेला असल्यास त्याने नुकसान होते.

घरात लघवी. तुम्ही दारात येताच खाली दबून थेंबभर लघवी करणारे पिलू घाबरलेले किंवा अतिशय आनंदलेले असते. त्याला रागावले की हे वाढते. शिकलेला मोठा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर मात्र तो सूड उगवत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही आहे का हे पाहण्यासाठी लघवी तपासावी.

नाकाने घरघर ओढल्यासारखे करणे. मान पुढे ताणून, काही सेकंद श्वास आत खेचल्यासारखा आवाज काढणे ही उलटी शिंक असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते, पण ती आपोआप थांबते आणि त्यानंतर कुत्रा जणू काही झालेच नाही असा वागतो.

५. लसी आणि जंत

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का, हा प्रश्न साहजिक आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिलाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिलागणिक वेगळे असते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, आपल्याकडे सहसा दरवर्षी, ती पुन्हा द्यायची असते.

पार्व्हो हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार पिलांचा सर्वांत मोठा शत्रू. मलूलपणा, उलट्या आणि दुर्गंधी येणारे रक्ताचे जुलाब दिसले की तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. घरी मीठ-साखरेचे पाणी पाजत वाट पाहणे हा त्यातला सापळा आहे, कारण पाजलेले सगळे उलटून पडते आणि पिलाला शिरेतून सलाइन लागते. हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि फिनाइलवर विसंबता येत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात फरशी पुसून दहा मिनिटे ओली ठेवावी. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजारात डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला आणि पुढे झटके येतात.

लसी पूर्ण होईपर्यंत पिलाला रस्त्यावर सोडू नये हे बरोबर, पण त्यामुळे त्याला घरात कोंडूनही ठेवू नये. तीन ते साधारण चौदा आठवड्यांच्या काळात जे पाहिले-ऐकले ते त्याला पुढे आपले वाटते. म्हणून कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, छत्री, काठी घेतलेली माणसे, शाळा सुटल्याचा गलका हे सगळे दाखवावे.

जंतनाशक वजनावर ठरते. लहान पिलांना ते दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी देतात.

६. गोचीड

महाराष्ट्रात कुत्रा पाळायचा तर हे प्रकरण पाठच करावे लागते. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड जंगलातच राहतो असे नाही. तो भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या शिवणीत सुखाने राहतो आणि रक्त पिऊन फुगलेली मादी एका वेळी हजारोंच्या संख्येने अंडी घालते. म्हणून कुत्रा धुऊन काम होत नाही. भेगा बुजवाव्या लागतात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते आणि प्रतिबंधक औषध ऋतू न पाहता चालू ठेवावे लागते.

रोज फिरून आल्यावर कानांच्या आत-बाहेर, बोटांमध्ये, काखेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवा. सापडलेला गोचीड कातडीलगत चिमट्याने पकडून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. नखाने चिरडू नका. रॉकेल, कापूर किंवा तंबाखूचे पाणी लावण्याचे सल्ले पुष्कळ मिळतील. कुत्रा अंग चाटतो आणि हे सगळे त्याच्या पोटात जाते. गायी-गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचून घेण्याची पद्धत तर अतिशय धोक्याची आहे, कारण कॉलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेतते. थेंबाचे औषध असो वा तोंडातून द्यायची गोळी, ते वजन आणि वय सांगूनच घ्यावे आणि पूर्वी कधी झटके आले असतील तर तेही सांगावे. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध आणूच नये, मांजरांना ते विषारी ठरते.

गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियामध्ये ताप, अन्न नकोसे होणे, फिकट हिरड्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात. गोचिडांमुळेच होणाऱ्या बबेसियामध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे लघवी गडद तांबूस-तपकिरी होते आणि डोळे पिवळे पडू शकतात. अंगावर गोचीड दिसत नाही म्हणून हा आजार नाही, असे म्हणता येत नाही. चावून गळून गेलेल्या गोचिडाचा ताप एक ते तीन आठवड्यांनी येतो.

एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा क्रम साधारण २८ दिवसांचा असतो. ठमी पाचव्या दिवशी उड्या मारू लागली आणि घरात गोळ्या बंद करण्याची चर्चा सुरू झाली. तसे केले तर जंतू अंगात दबून राहतात आणि काही महिन्यांनी दुखणे अधिक चिवट होऊन परत येते. क्रम पूर्ण करा आणि शेवटी रक्त पुन्हा तपासा.

७. स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा

आपल्या घरांत कुत्र्याला उरलेला रस्सा-भात घालण्याची रीत आहे. त्यातला कांदा आणि लसूण, शिजवलेले असले तरी, त्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणून प्रसादाचा शिरासुद्धा नको. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ विषारी आहेत. शिजवलेली हाडे तडकून टोकदार होतात. दूध-पोळीने अनेक कुत्र्यांना जुलाब होतात. साधा भात, भाकरी, उकडलेली अंडी, हाडे काढलेले चिकन, भोपळा, मीठ न घातलेले ताक चालते, मात्र नुसत्या भातावर कुत्रा पोसला जात नाही.

आपल्यासाठीची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही औषधे अर्धी गोळीदेखील मनाने देऊ नयेत.

८. ऋतूंप्रमाणे

उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्याही पायांना बसेल. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्माघात फार लवकर होतो. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, चालताना तोल जातो, अशी स्थिती असेल तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत पंखा लावा आणि मग निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्यात उष्णता कोंडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही होतो. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच फिरवून आणावे, आतल्या खोलीत पडदे ओढून जागा करून द्यावी आणि घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यावे. कुरवाळल्याने भीती वाढत नाही. फार थरथरत असेल तर आधीच्या आठवड्यात डॉक्टरांकडून औषध लिहून घ्यावे.

९. चावले तर

कुत्रा कोणाचाही असो, लस झालेला असो वा नसो, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. मिरची, चुना, हळद भरू नका. लस किती मात्रांत आणि रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) लागेल का, हे ते जखमेवरून ठरवतील. एकदा लक्षणे दिसू लागली की रेबीजवर उपचार जवळजवळ नाहीच.

येथे वागणुकीची एक खूण जिवाच्या मोलाची आहे. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलला आहे, असा कुत्रा पाहिला की घशात हाड अडकले आहे असे वाटते आणि चांगल्या मनाचा माणूस तोंडात हात घालतो. तसे कधीही करू नका, ही रेबीजची लक्षणे असू शकतात. त्याला एका जागी बंद करून पशुवैद्याला कळवा.

१०. सकाळची वाट पाहू नये अशा गोष्टी

- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या होणे
- पोट फुगणे आणि ओकारीचा प्रयत्न करूनही काही बाहेर न पडणे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडलेला असू शकतो
- लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसूनही थेंब न येणे
- पाच मिनिटांहून लांबलेला किंवा लागोपाठ येणारा झटका
- नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांनी मलूल होणे आणि खूप पाणी पिऊ लागणे. स्राव दिसला नाही तरी गर्भाशयात पू झालेला असू शकतो
- विष किंवा औषध खाल्ल्याची शंका. मिठाचे पाणी पाजून ओकवू नका, वेष्टन बरोबर घ्या

रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आज दिवसाउजेडी फोन करून विचारून ठेवा. फलकावर चोवीस तास लिहिलेल्या एका ठिकाणी आम्ही रात्री दोन वाजता पोहोचलो, तेव्हा तिथे फक्त रखवालदार होता.

११. डॉक्टरांसमोर काय सांगायचे

‘बरे वाटत नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. शेवटचे नीट कधी खाल्ले, उलटी किती वेळा, तिचा रंग कोणता, शी-लघवी कधी झाली, ताप किती, गोचिडाचे औषध कोणत्या तारखेला दिले, एवढे वहीतून वाचून दाखवा. लंगडणे, खोकला, झटका यांचे मोबाइलवर चित्रण करा, कारण दवाखान्याच्या टेबलावर चढताच कुत्रा हमखास नीट चालतो. घरी मनाने काही औषध दिले असेल तर संकोच न करता सांगा, त्यावर पुढचे औषध अवलंबून असते. जुलाब असतील तर त्याच सकाळचा नमुना स्वच्छ, कोरड्या डबीत घेऊन जा आणि डबीवर वेळ लिहा.